साइनच्या बेरजेचा गुणाकार कशासाठी करायचा?

तुमचं म्हणणं असं की अकरावीत साइन, कॉसच्या बेरीज-वजाबाकीची चार सूत्रं आली, ती पाठ होत नाहीत आणि सोप्या बेरजेचा अवघड गुणाकार का करायचा हेही कळत नाही.

पाठ करूच नका. दोन कोनांच्या मधला कोन शोधा. ५० आणि १० अंशांच्या मधोमध ३० आहे आणि दोन्ही कोन त्याच्यापासून २० अंश दूर. आता साइन(३०+२०) आणि साइन(३०−२०) उलगडून लिहा. कॉस ३० × साइन २० हे पद एकदा अधिक, एकदा उणे येतं, म्हणून बेरजेत उडतं. उरतं २ × साइन ३० × कॉस २०. साइन ३० म्हणजे अर्धा, तेव्हा उत्तर नुसतं कॉस २०, म्हणजेच साइन ७०. साइन ५० + साइन १० = साइन ७०! हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. वजाबाकी केलीत तर उडालेलं पद उरतं आणि उरलेलं उडतं. कॉसची दोन सूत्रंही अशीच निघतात.

आता कशासाठी ते. बेरीज शून्य असली तर त्यातून फारसं कळत नाही. गुणाकार शून्य असला तर एक तरी अवयव शून्य असतोच. साइन ५क्ष + साइन क्ष = साइन ३क्ष हे उदाहरण घ्या. डावी बाजू २ साइन ३क्ष कॉस २क्ष होते. इथे दोन्ही बाजूंना साइन ३क्ष ने भागायचा मोह होतो. भागू नका, सामाईक काढा: साइन ३क्ष (२ कॉस २क्ष − १) = ०. शून्य ते १८० अंशांत ०, ३०, ६०, १२०, १५०, १८० अशी सहा उत्तरं मिळतात. भागलंत तर ३० आणि १५० एवढीच हाती लागतात.

मला स्वतःला हे सूत्र पटलं ते तंबोरा लावताना. जोडाच्या दोन तारा किंचित वेगळ्या असल्या, समजा २४० आणि २४३ हर्ट्झ, तर दोन सूर वेगळे ऐकू येत नाहीत. मधला २४१.५ चा एकच सूर ऐकू येतो आणि तो सेकंदाला तीनदा लहान-मोठा होतो. मधला सूर हा गुणाकारातला साइन, लहर हा कॉस. कॉसमध्ये फरकाचा अर्धा, म्हणजे १.५ असतो, पण तो अधिक असो वा उणे, कानाला आवाज मोठाच लागतो, म्हणून लहरी तीन. मणी सरकवत गेलं की लहर संथ होते. फरक शून्य झाला की कॉस १ वर स्थिर होतो आणि तारा जुळतात.