गिटलॅब आपल्या सर्व्हरवर टाकावं की होस्टेड घ्यावं?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा, पंधरा-वीस डेव्हलपर आहेत, कोड आत्तापर्यंत कसाबसा एका मशीनवर पडलेला होता, आता कोड ठेवायला आणि त्यावर एकत्र काम करायला नीट प्लॅटफॉर्म हवाय आणि टीममध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतोय होस्टेड, म्हणजे त्या कंपन्यांच्याच सर्व्हरवर चालणारं गिटहब किंवा गिटलॅब डॉट कॉम घ्या आणि मोकळे व्हा, दुसरा म्हणतोय गिटलॅबची कम्युनिटी एडिशन फुकट आहे, ती आपल्या सर्व्हरवर टाकू म्हणजे कोड आपल्या ताब्यात राहील.

मी दोन्ही प्रकार सांभाळलेत. माझं स्पष्ट मत आहे की सर्व्हर कोणाचा यावर फार चर्चा करू नका, रात्री तो पडला तर उठणार कोण ते आधी ठरवा. त्या माणसाचं नाव आणि तो सुट्टीवर असताना कोण बघणार त्याचं नाव, ही दोन नावं तुम्हाला आत्ता सांगता येत नसतील तर होस्टेड घ्या.

फुकट आहे ते लायसन्स, मेहनत फुकट नाहीये. गिटलॅबचं नवीन व्हर्जन दर महिन्याला येतं, मधेमधे सिक्युरिटी पॅच येतात ते वेगळेच, आणि तुम्ही वर्षभर अपग्रेड केलं नाही तर एका उडीत शेवटच्या व्हर्जनवर जाता येत नाही, ठरलेल्या टप्प्यांवर थांबत जावं लागतं आणि प्रत्येक टप्प्याला डेटाबेसची मागे चाललेली मायग्रेशन्स (जुन्या डेटाची नव्या रचनेत बदली) पूर्ण होईपर्यंत वाट बघावी लागते. म्हणजे "वेळ मिळाला की करू" म्हणून ढकललेलं काम दर महिन्याला वाढतच जातं. आणि पॅच ढकलणं तर महागात पडतं. 2021 मध्ये गिटलॅबमध्ये एक भोक सापडलं होतं, नुसती इमेज अपलोड करून, लॉगिनसुद्धा न करता, सर्व्हरवर हवी ती कमांड चालवता यायची. दुरुस्ती एप्रिलमध्ये आली, तरी त्याच वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत इंटरनेटवर उघडे असलेले हजारो सर्व्हर तसेच होते आणि त्यांच्यावर हल्ले चालू होते. जानेवारी 2024 मध्ये परत एक आलं, पासवर्ड रिसेटचा मेल भलत्याच पत्त्यावर मागवता येत होता. अशी बातमी आली की त्याच दिवशी कामं बाजूला ठेवून पॅच मारणारा माणूस तुमच्याकडे आहे का?

आता बॅकअप, कारण खरी गंमत इथे आहे आणि लोक इथेच गाफील राहतात. गिटलॅबची बॅकअपची कमांड रिपॉझिटरी (कोड आणि त्याची हिस्टरी) घेते, डेटाबेस घेते, पण /इटीसी/गिटलॅब मधली सीक्रेट्सची जेसन फाइल घेत नाही, ती तुम्हाला वेगळी उचलून वेगळ्या जागी ठेवावी लागते. ती नसेल तर काय होतं ते एकदा कोऱ्या मशीनवर रिस्टोअर करून बघा, प्रोजेक्ट दिसतात, कोड दिसतो, सगळं छान वाटतं, आणि मग सीआय-सीडीची, म्हणजे कोड आपोआप बिल्ड आणि डिप्लॉय करण्याची, सेटिंग्ज उघडायला जावं तर 500 एरर, कारण तिथली व्हेरिएबल्स (पासवर्ड, टोकन वगैरे) ज्या चावीने एन्क्रिप्ट केलेत ती चावीच आलेली नाही. टू-फॅक्टर लावलेल्यांना लॉगिनही होत नाही. रिस्टोअर करून बघितला नाही तोवर मी बॅकअप आहे असं धरतच नाही.

होस्टेड घेतलं की हे सगळं सुटतं असंही नाही हं. 31 जानेवारी 2017 ला खुद्द गिटलॅब डॉट कॉमवर एका इंजिनियरकडून चालू डेटाबेसची डिरेक्टरीच उडाली, बॅकअपचे बरेच मार्ग लावलेले होते पण ऐन वेळी ते कामाचे निघाले नाहीत, शेवटी सहा तास जुना स्नॅपशॉट हाताला लागला म्हणून निभावलं. 2022 च्या एप्रिलमध्ये जिरा बनवणाऱ्या अटलासियनच्या एका स्क्रिप्टने शेकडो ग्राहकांच्या साइट्स डिलीट केल्या, काहींना दोन आठवडे काहीच मिळालं नाही. आणि 2014 मध्ये कोड स्पेसेस नावाची होस्टिंग कंपनीच बुडाली, हल्लेखोर त्यांच्या क्लाउड अकाउंटमध्ये घुसला आणि डेटाबरोबर बॅकअपही पुसून गेला. म्हणून होस्टेड असलं तरी रोज रात्री एक मिरर क्लोन (रिपॉझिटरीची पूर्ण नक्कल) दुसऱ्याच ठिकाणी, दुसऱ्याच अकाउंटमध्ये काढायचा. लक्षात ठेवा, कोडची हिस्टरी प्रत्येकाच्या क्लोनमध्ये असते पण इश्यू, मर्ज रिक्वेस्टवरची (बदल मुख्य कोडमध्ये घेण्याच्या विनंतीवरची) चर्चा, पाइपलाइनची व्हेरिएबल्स त्यात नसतात, ती एपीआयने किंवा एक्स्पोर्टने वेगळी काढावी लागतात.

तुमच्या दुसऱ्या तटाला "ताबा" हवाय त्यातला बराचसा रनरने, म्हणजे बिल्ड आणि डिप्लॉयची कामं चालवणाऱ्या प्रोग्रामने, मिळतो. प्लॅटफॉर्म होस्टेड ठेवा, रनर आपल्या नेटवर्कमध्ये बसवा. रनर स्वतःच बाहेर विचारत राहतो की काही काम आहे का, त्यामुळे फायरवॉलमध्ये आत येणारं एकही पोर्ट उघडावं लागत नाही आणि डिप्लॉयमेंटच्या चाव्या त्याच मशीनवर ठेवल्या तर त्या होस्टेड सेटिंग्जमध्ये भरायची वेळ येत नाही, बिल्डच्या मिनिटांचं बिलही वाचतं. फक्त पब्लिक रिपॉझिटरीला असा रनर जोडू नका, कोणीही फोर्क (स्वतःची नक्कल) करून पुल रिक्वेस्टमधून (गिटहबमध्ये मर्ज रिक्वेस्टला हेच म्हणतात) तुमच्या मशीनवर आपला कोड चालवू शकतो.

स्वतःचा सर्व्हर मी कधी सुचवीन? करारातच लिहिलंय की कोड बाहेर जाणार नाही, किंवा नेटवर्क इंटरनेटपासून तोडलेलंच आहे, तर पर्यायच नाही. तेव्हासुद्धा आधी बघा की गिटलॅबचं सगळं लागणार आहे का, नुसतं रिपॉझिटरी, इश्यू आणि रिव्ह्यू हवं असेल तर फोर्जेजो किंवा गिटीसारखं हलकं सॉफ्टवेअर एका बायनरीवर (एकाच प्रोग्राम फाइलवर), लहान मशीनवर आरामात चालतं आणि अपग्रेडला इतकं रडवत नाही. तुम्ही सांगितलंय त्यात असं कुठलंच बंधन दिसत नाही, म्हणून तुम्ही होस्टेड घ्या, रनर आपला ठेवा, आणि मिररची क्रॉन जॉब (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) पहिल्याच आठवड्यात लावा.