एक्सफॉर्म्समध्ये (वेब फॉर्म लिहिण्याची एक्सएमएल भाषा) इनपुट एक्सएमएल मॉडेलला जोडलाय, पण रकानाच दिसत नाही, एररही येत नाही. काय चुकतंय?

तुम्ही दिलेल्या इन्स्टन्समध्ये (फॉर्मचा डेटा ठेवणारं एक्सएमएल) मूळ एलिमेंट ‘अर्ज’ आहे, त्यात ‘नाव’, आणि इनपुटच्या रेफमध्ये (रकाना कुठल्या एलिमेंटला जोडायचा ते सांगणारं ॲट्रिब्यूट) /अर्ज/नाव. पाथ बरोबर आहे. अशा वेळी आधी नेमस्पेस (एलिमेंटचं नाव कुठल्या शब्दसंग्रहातलं ते सांगणारी ओळख) बघा, बहुतेकदा घोळ तिथेच असतो.

पानाच्या मुळाशी एक्सएचटीएमएलची डिफॉल्ट नेमस्पेस जाहीर केलेली असेल, तर ती इन्स्टन्समधल्या एलिमेंटनाही लागू होते. एक्सपाथ 1.0 मध्ये (एक्सएमएलमधला भाग शोधायची पाथची भाषा) मात्र प्रीफिक्स नसलेलं नाव म्हणजे कुठल्याही नेमस्पेसमध्ये नसलेलं एलिमेंट. त्यामुळे पाथला काहीच सापडत नाही, आणि नोड (एक्सएमएलमधला घटक) न मिळालेला कंट्रोल एक्सफॉर्म्सच्या नियमानुसार गैरलागू ठरून लपतो. एरर न येण्याचं कारण हेच. ‘अर्ज’वर एक्सएमएलएनएस हे ॲट्रिब्यूट रिकाम्या अवतरणचिन्हांत द्या. खात्री करायची तर एक आउटपुट कंट्रोल टाकून त्याच्या व्हॅल्यूमध्ये नेमस्पेस-यूआरआय(/*) लिहा. काही छापून आलं, तर दुखणं तेच.

रकाना दिसू लागला की बाइंडकडे, म्हणजे नोडला नियम लावणाऱ्या एलिमेंटकडे, वळा. तिथलं रिक्वायर्ड (रकाना भरणं सक्तीचं करणारं ॲट्रिब्यूट) हे एक्सपाथ असतं, त्यामुळे नुसतं ‘ट्रू’ लिहिलं तर इंजिन त्या नावाचं एलिमेंट शोधतं, ते सापडत नाही आणि सक्ती लागूच होत नाही. पुढे कंस हवेतच: ट्रू(). कॅल्क्युलेट (व्हॅल्यू सूत्राने काढणारं ॲट्रिब्यूट) लावलेला नोड आपोआप रीडओन्ली होतो. त्यात टाइप करता येत नाही म्हणून तक्रार नको! बेरजेत एखादा रकाना रिकामा राहिला तर उत्तर ‘नॅन’ (म्हणजे ‘संख्या नाही’) येतं, तेव्हा रिकाम्या व्हॅल्यूच्या जागी 0 घ्या. आणि रेलेव्हंट (नोड लागू आहे का, ही अट) खोटं ठरलेला नोड सबमिट होताना एक्सएमएलमधून गळतो. सर्व्हरवर तो ‘गायब’ दिसला तर आधी ही अट तपासा.

टाइप करताकरता व्हॅल्यू मॉडेलमध्ये जायला हवी असेल तर इनपुटवर इन्क्रिमेंटल चालू करा, एरवी ती रकान्यातून बाहेर पडल्यावरच जाते.

पुढे रिपीट (प्रत्येक नोडसाठी तीच ओळ पुन्हा दाखवणारं एलिमेंट) वापरणार असाल तर आतल्या रेफची सुरुवात तिरक्या रेषेने करू नका. पूर्ण पाथ दिला की जुळलेल्या नोडपैकी पहिलाच घेतला जातो आणि सगळ्या ओळी त्याच नोडला जोडल्या जातात: तिसऱ्या ओळीत लिहा, बदल पहिलीतही दिसेल. तिथे नुसतं ‘नाव’ लिहा.