थोरली लेक अठरा वर्षांची होते आहे, आईवडिलांनी हा दिवस कसा साजरा करावा?

तुमच्या प्रश्नातलं मी असं समजून घेतलं: थोरल्या मुलीला पुढच्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण होतात. तिला हॉल, डीजे, मोठा केक यातलं काही नको आहे. तुम्हाला मात्र दिवस असाच जाऊ द्यायचा नाही. घरात आजी आहेत, धाकटा भाऊ आहे.

मी या वयाच्या मुलामुलींची आणि त्यांच्या पालकांची कागदपत्रं रोज हाताळतो, त्यामुळे माझं उत्तर ठाम आहे. तिच्या नावावर असलेलं पण इतकी वर्षं तुमच्या हातात असलेलं जे जे आहे, ते या निमित्ताने तिच्या हाती द्या, आणि ते औक्षणाच्या पाटावर द्या. सोहळा आणि कागद वेगळे काढले की सोहळा फोटोपुरता उरतो आणि कागद दोन वर्षं कपाटात पडून राहतात.

आधी दिवस ठरवा. भारतीय प्रौढत्व कायदा १८७५ चा आहे आणि त्याप्रमाणे अठराव्या वाढदिवसाची तारीख सुरू होते त्या क्षणी मूल सज्ञान होतं, जन्मवेळ पाहिली जात नाही. तिथी मात्र त्या तारखेला येणार नाही. तिथी आणि तारीख साधारण दर एकोणीस वर्षांनी जुळतात. अठराव्याला तिथी बहुतेकदा तारखेनंतर अकराएक दिवसांनी येते, आणि पुढच्या वर्षभरात अधिक महिना असेल तर तारखेच्या एकोणीसएक दिवस आधी. हा फरक सोयीचाच आहे: तारीख मैत्रिणींना आणि सरकारी कामांना द्या, औक्षण आणि घरचं जेवण तिथीला करा. फक्त तिथी आधी येत असेल तर औक्षण तारखेलाच ठेवा, कारण हाती द्यायच्या गोष्टी सज्ञान झाल्यावरच देता येतात.

आता हातात असलेल्या महिन्यात करायची कामं. पहिलं काम नावाचं. जन्मदाखला, दहावीचं प्रमाणपत्र, आधार आणि पॅन चारही शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. एकात वडिलांचं नाव मधे आहे, दुसऱ्यात नाही, तिसऱ्यात आडनाव पुढे आहे, असं सर्रास सापडतं, आणि अर्ज अडतात ते बहुतेक इथेच. दहावीचं प्रमाणपत्र प्रमाण मानून बाकीचे दुरुस्त करणं सोपं जातं. आधारचं पंधराव्या वर्षानंतरचं बायोमेट्रिक राहिलं असेल तर तेही आत्ताच उरकून घ्या.

दुसरं काम सहीचं, आणि ते कुणीही गंभीरपणे घेत नाही. शाळेत मुलं नाव लिहितात, सही करत नाहीत. मग पॅनवर एक सही, बँकेत दुसरी, विद्यापीठाच्या अर्जावर तिसरी. तिला महिनाभर रोज कोऱ्या कागदावर दहा सह्या करू द्या. मराठीत की इंग्रजीत हे तिनेच ठरवावं. सही फार नागमोडी नको, कारण पुन्हा तशीच जमत नाही, आणि फार सुटी अक्षरंही नकोत. वाढदिवसाच्या आत हाताला बसली की पुढची सगळी कामं त्याच एका सहीने होतात.

तिसरं, मतदार नोंदणी. १९८९ पासून मतदानाचं वय २१ वरून १८ झालं. नोंदणीसाठी आता वर्षात चार पात्रता तारखा आहेत: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येतो, म्हणजे तुमची लेक आजच नमुना ६ (मतदार यादीत नाव घालण्याचा अर्ज) भरू शकते. फोटो, वयाचा पुरावा, पत्त्याचा पुरावा आणि घरातल्या एका मतदाराचा ओळखपत्र क्रमांक जवळ ठेवा. ती शिकायला बाहेरगावी जाणार असेल तर नाव घरच्या पत्त्यावर की वसतिगृहाच्या, हे आधी ठरवा. दोन्हीकडे ठेवता येत नाही. अर्ज तिच्याकडूनच भरून घ्या, तुम्ही शेजारी बसा.

वाढदिवसानंतरच्या कामांना क्रम आहे, तो चुकला की फेऱ्या वाढतात. सुरुवात मोबाइलपासून. अठरा पूर्ण होईपर्यंत स्वतःच्या नावावर सिम मिळत नाही, म्हणून बहुतेक घरांत मुलांचा नंबर वडिलांच्या नावावर असतो आणि आधार, बँक, पॅन सगळीकडे वडिलांचाच मोबाइल नोंदलेला असतो. ओटीपी बाबांच्या फोनवर येतो तोवर खातं बाबांचंच. दोघांनी आधार घेऊन मोबाइल कंपनीच्या दुकानात जा आणि तिच्या नंबरची मालकी तिच्या नावावर करून घ्या. मग तो नंबर आधारला जोडा. मग पॅन, मग बँक, शेवटी म्युच्युअल फंड.

लहानपणी काढलेल्या पॅनवर फोटो आणि सही नसते. क्रमांक तोच राहतो, पण बदलाचा अर्ज करून फोटो-सही असलेलं नवं कार्ड घ्यावं लागतं. कार्ड आहेच की, म्हणून हे राहून जातं आणि पुढे केवायसी (बँक किंवा फंडाने करायची ओळख पडताळणी) नामंजूर होते. बँकेत अज्ञान (म्हणजे अठराखालच्या मुलाच्या) खात्याचं सज्ञान खात्यात रूपांतर करताना तिची सही, फोटो, केवायसी आणि शिलकीची खातरजमा घेतात. ते होईपर्यंत खात्यातून पैसे काढणं थांबू शकतं, तेव्हा कॉलेजची फी त्याच आठवड्यात त्या खात्यातून भरायची वेळ आणू नका.

तिच्या नावाने म्युच्युअल फंडात एसआयपी (दरमहा ठरावीक रकमेची गुंतवणूक) असेल तर ती सज्ञान होताच थांबते. अज्ञानाचा सज्ञान झाल्याचा अर्ज, बँकेने प्रमाणित केलेली सही, तिची केवायसी, नवं बँक आदेशपत्र (खात्यातून हप्ता वळता करण्याची परवानगी) आणि नामनिर्देशन हे सगळं दिल्यावरच पुढे सुरू होते. विकायचं असेल तर आधी घाई करू नका. अज्ञान मुलाचं असं उत्पन्न आईवडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. सज्ञान झाल्यावर विकलं तर नफा तिच्या नावावर मोजला जातो. वाढदिवसाच्या आठवडाभर आधी फंडाची युनिट विकून लॅपटॉप घेणारे पालक मी पाहतो तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

सुकन्या समृद्धी या मुलींसाठीच्या सरकारी बचत योजनेबद्दल एक गैरसमज पक्का आहे, की मुलगी एकवीसची झाली की पैसे मिळतात. मुदत खातं उघडल्यापासून एकवीस वर्षांची असते. २००८ मध्ये जन्मलेल्या मुलीचं खातं २०१५ मध्ये उघडलं असेल तर ते २०३६ मध्ये पुरं होतं, तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची असेल. अठरानंतर खातं ती स्वतः चालवते, त्यासाठी तिची कागदपत्रं द्यावी लागतात. उच्च शिक्षणासाठी मागच्या आर्थिक वर्षअखेरच्या शिलकीच्या निम्म्यापर्यंत रक्कम काढता येते. तिचं पीपीएफ (सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी) खातं असेल तर आतापर्यंत तुमची आणि तिची मिळून वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, पुढे तिची स्वतंत्र असेल.

तुमच्या विमा पॉलिसींमध्ये ती नामनिर्देशित असेल तर तिच्या वतीने रक्कम घ्यायला कुणी मोठं माणूस नेमलेलं असेल. त्याची आता गरज नाही. त्या नोंदी एकदा पाहून घ्या.

आता सोहळा. औक्षणासाठी पाट, पाटाभोवती साधी रांगोळी, ताम्हणात दोन निरांजनं, हळदकुंकू, अक्षता, सुपारी आणि सोन्याची अंगठी. तिला पूर्वेकडे तोंड करून बसवा. कुंकू, अक्षता, मग अंगठी-सुपारी ओवाळायची, मग निरांजन. पहिलं औक्षण आजींनी करावं. आजोबा नसतील आणि कुणी सवाष्णीचा मुद्दा काढला तर तो तिथेच थांबवा. जिने या मुलीला अंगाखांद्यावर खेळवलं तिच्यापेक्षा जास्त अधिकार कुणाचाही नाही. नंतर आई, मग बाबा. होय, बाबांनीही औक्षण करावं, ताम्हण हातात धरायला शिकायला दोन मिनिटं लागतात. धाकट्या भावाला प्रेक्षक ठेवू नका, फाइल आणून देण्याचं काम त्याचं.

फाइल हीच भेट. प्लास्टिकच्या खिशांची जाड फाइल घ्या. तिच्यात मूळ जन्मदाखला, दहावी-बारावीची गुणपत्रकं, शाळा सोडल्याचा दाखला, वय-राष्ट्रीयत्व-अधिवास दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि वैधता प्रमाणपत्र, पासबुकं, लसीकरणाचं कार्ड. पासपोर्ट असेल तर त्याची मुदत बघा, लहानपणी काढलेला साधारण पाच वर्षं किंवा अठरा पूर्ण होईपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच चालतो. सगळ्याच्या स्कॅन प्रती तिच्या स्वतःच्या ईमेलवर हव्यात. मूळ कागद घरच्या कपाटात राहिले तरी चालेल, पण फाइल तिची, आणि ती मागेल तेव्हा प्रश्न न विचारता मिळाली पाहिजे.

फाइलच्या पहिल्या खिशात आईवडिलांच्या हस्ताक्षरात एक पान ठेवा. उपदेश नको. घराण्यातले आजार (मधुमेह, रक्तदाब, थायरॉइड, कुणाला कोणत्या वयात), तिची लहानपणीची आजारपणं आणि ॲलर्जी, रक्तगट, तिच्या शिक्षणासाठी किती पैसे बाजूला आहेत आणि किती कर्ज काढावं लागेल, हे खरं खरं लिहा. घरचा आकडा मुलांना सांगायला आपण फार लाजतो, आणि मग ती अंदाजाने निर्णय घेतात.

त्याच दिवशी एक गोष्ट स्पष्ट बोला. आता तिची सही कायद्याने बांधते: कर्ज, हमी, करार, सगळं. कॉलेजात 'तुझं खातं वापरायला दे, महिन्याला पैसे मिळतील' असं सांगणारे भेटतात. ते पैसे फसवणुकीचे असतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. खातं, एटीएम कार्ड, सिम यातलं काहीही कुणालाही वापरायला द्यायचं नाही. ऑनलाइन फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन.

स्कूटर द्यायचं मनात असेल तर पाटावर किल्ली देऊ नका. गिअरची मोटरसायकल असो वा रस्त्यावर दिसणारी नेहमीची ११०-१२५ सीसीची स्कूटर, वय अठराच लागतं. सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या गाडीचा. वाढदिवसानंतर शिकाऊ परवाना, तो सहा महिने चालतो, आणि पक्क्या परवान्याची चाचणी तीस दिवसांनंतर. म्हणून आधी चांगलं हेल्मेट द्या, तिच्या डोक्याच्या मापाचं, तिला सोबत नेऊन घेतलेलं. धाकट्याने ती गाडी 'गल्लीतल्या गल्लीत' चालवली तर दंड पालकांना आहे: २५,००० रुपये, तीन वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना नाही.

तिला रक्तदान करायचं असेल तर अठरापासून करता येतं. वजन किमान ४५ किलो आणि हिमोग्लोबिन १२.५ हवं. आपल्याकडे या वयाच्या बऱ्याच मुली हिमोग्लोबिनवर अडतात, तेव्हा पंधरा दिवस आधी तपासून घ्या, म्हणजे त्या दिवशी परत यावं लागणार नाही. उपाशीपोटी जायचं नाही. आग्रह तर मुळीच करायचा नाही.

जेवण घरीच करा. पंचवीस माणसांना श्रीखंडासाठी दीड किलो चक्का आणि सव्वा किलो साखर पुरते, माणशी साधारण एकशे दहा ग्रॅम, म्हणजे छोटी वाटीभर होतं. चक्क्यात साखर घालून झाकून दोन तास ठेवा, साखर विरघळली की पुरणयंत्रातून काढा. मिक्सरला लावलं तर ते सैल पडतं आणि पुन्हा घट्ट होत नाही. कोमट दुधात भिजवलेलं केशर, वेलची आणि किंचित मीठ. चक्का आंबट निघाला तर साखर वाढवत बसू नका, थोडी ताजी साय घाला.

मैत्रिणींचा कार्यक्रम तिच्यावर सोडा, वेळ आणि घरी परतण्याची सोय एवढंच बोला. महाराष्ट्रात अठराव्या वर्षी दारू कायदेशीर नाही, बिअरला २१ आणि कडक दारूला २५ लागतात, हे तिला माहीत असू द्या.

नातेवाइकांकडून दोन वाक्यं हमखास येतील. एक, 'आता स्थळं बघायला लागा.' यावर उत्तर तुम्ही द्या, तिला द्यायला लावू नका. दुसरं, 'थोरली आहेस, आता जबाबदारी तुझी.' थोरल्या मुलांना हे पाचव्या वर्षापासून ऐकावं लागतं. धाकट्याचा अभ्यास, आजींची औषधं, घरची खरेदी तिच्या अंगावर आधीच असेल, तर या वाढदिवसाला त्यातलं एखादं काम तिच्याकडून काढून घ्या आणि तसं सगळ्यांसमोर सांगा.

आणि खर्च ठरवताना धाकट्याचा अठरावा डोळ्यासमोर ठेवा. थोरलीसाठी जे कराल ते घरात माप म्हणून राहतं. तीच फाइल, तेच पान, तेवढीच रक्कम त्याच्या वेळी जमेल एवढंच आज करा. मुलगा आहे म्हणून त्याला पुढे मोठी गाडी मिळाली, तर आजच्या औक्षणाचा अर्थ तिला त्या दिवशी वेगळा लागेल.