कोंब शाबूत आहे ना? घरच्या पामविषयी वाचकांचे प्रश्न

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेली बरीचशी पत्रे पामविषयी आहेत. अथणीकडची कोरडी हवा आणि खानापूरकडचा मुसळधार पाऊस एकाच बेळगाव जिल्ह्यात नांदत असल्यामुळे एकाच झाडाच्या तक्रारी मात्र अगदी उलटसुलट आहेत. कोणाच्या पामची पाने वाळतात, तर कोणाचा पाम कुजतो. पान पिवळे पडले की आपले लक्ष त्या पानाकडे जाते. पण पामचे बरेवाईट ठरते ते मधल्या कोंबावर, म्हणून पुढील उत्तरे वाचताना आधी आपल्या झाडाचा कोंब पाहून यावे, ही विनंती.

प्रश्न : आमच्या ओसरीवर तीन वर्षांपासून अरेका पामच्या दोन कुंड्या आहेत. रोज सकाळी पाणी घालते, दर महिन्याला खत देते, तरी पानांची टोके वाळून तपकिरी होत आहेत. घरात बोअरचे पाणी आहे. पिण्याचे पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून जे पाणी वाया जाते, ते फेकून द्यायला जिवावर येते म्हणून याच कुंड्यांना घालते. माझे काय चुकते?
— एक गृहिणी, अथणी

उत्तर : ताई, पाणी वाया जाऊ नये ही आपली तळमळ योग्यच आहे, परंतु नेमके तेच पाणी आपल्या पामला बाधत असावे. आरओ यंत्र बोअरच्या पाण्यातील क्षार वेगळे काढते आणि ते सगळे क्षार त्या वाया जाणाऱ्या पाण्यात एकवटतात. म्हणजे मुळात जड असलेले पाणी अधिक जड होऊन कुंडीत पडते. झाड पाणी शोषून घेते, उरलेले उन्हाने उडून जाते, क्षार मात्र मातीतच राहतात आणि पानात जे शिरतात ते पाण्याबरोबर शेवटच्या टोकापर्यंत जाऊन तिथेच साचतात. म्हणून पान आधी टोकाला करपते. कुंडी मातीची असेल तर तिच्या बाहेरच्या अंगावर आणि काठावर पांढरट पापुद्रा धरला आहे का, ते पाहावे. नखाने खरवडल्यावर तो मिठासारखा भुरभुरला, तर निदान पक्के झाले असे समजावे. हे यंत्राचे पाणी फरशी पुसायला किंवा शौचालयात वापरावे, कुंडीला नको.

आता उपाय. दोन्ही कुंड्या अंगणात सावलीला उचलून ठेवाव्यात आणि साठवलेले पावसाचे किंवा नळाचे गोडे पाणी सावकाश, खालच्या छिद्रातून भरपूर वाहून जाईपर्यंत घालावे. अर्ध्या तासाने पुन्हा तसेच करावे. खाली ताटली असेल तर तिच्यात उतरलेले पाणी लगेच ओतून टाकावे, नाहीतर तेच क्षार पुन्हा वर चढतात. पावसाळ्यात पागोळ्यांखाली एखादे पिंप ठेवण्याची सोय झाली, तर दोन कुंड्यांना ते पाणी बरेच दिवस पुरते. रोजचे पाणीही थांबवावे. बोट दोन पेरे मातीत घालून पाहावे आणि वरची माती कोरडी लागली, तरच पाणी द्यावे. खत पुढचे तीन महिने बंद ठेवावे आणि नंतर मूठभर गांडूळखतावर भागवावे. सुपर फॉस्फेट घालत असाल तर ते कायमचे थांबवावे, कारण त्यात फ्लोराइडचा अंश असतो आणि कुंडीतल्या पामना फ्लोराइड सोसत नाही.

करपलेली टोके पुन्हा हिरवी होत नाहीत. ती डोळ्यांना खुपत असतील तर कात्रीने कापावीत. मात्र तपकिरी भागाची दोऱ्याएवढी कड राखावी, कारण हिरव्या भागात कात्री गेली की तिथून पान पुन्हा वाळू लागते. पाम संथ वाढणारे झाड आहे. आज केलेल्या उपायाचा गुण जुन्या पानांवर शोधू नये, यापुढे उलगडणारी पाने स्वच्छ निघतात का ते पाहावे.

बऱ्याच वाचकांनी पत्रात अरेका पामला ‘शोभेची सुपारी’ म्हटले आहे, म्हणून जाता जाता सांगतो. आपली पोफळ आणि हा पाम एकाच कुळातले असले तरी झाडे वेगळी आहेत. नर्सरीतला अरेका मूळचा मादागास्करचा असून त्याला खायची सुपारी लागत नाही.

प्रश्न : पावसाळ्यात पामची कुंडी अंगणात ठेवली होती. बाहेरची पाने हिरवीगार आहेत, पण मधले नवे पान तपकिरी पडले आहे. कुंडीत आमच्या शेतातली लाल माती आहे. औषध कोणते मारावे?
— एक शिक्षक, खानापूर

उत्तर : सर, औषधाच्या आधी एक परीक्षा करावी. मधली न उलगडलेली सुरळी चिमटीत धरून हलकेच वर ओढावी. ती घट्ट असेल तर काळजी कमी. ती विनासायास हातात आली, तिचे बूड मऊ, काळपट लागले आणि आंबूस घाण वास आला, तर नारळाला होते तीच कोंब कुज आपल्या पामला झाली आहे. बाहेरची पाने हिरवी दिसतात म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि इथेच घात होतो. ती पाने आधीच तयार झालेली असल्यामुळे कोंब मेल्यावरही कित्येक आठवडे तशीच राहतात. माझ्या अंगणातला एक पाम मी असाच गमावला. गणपतीच्या धांदलीत मधल्या सुरळीकडे पाहिलेच नाही, आणि दसऱ्याला ती सुरळी धुळीसकट हातात आली.

कुज वरवरची असेल तर धारदार, स्वच्छ सुरीने सडलेला भाग निरोगी पांढरा गाभा दिसेपर्यंत काढावा, कुंडी पावसाच्या माऱ्यातून वळचणीला घ्यावी आणि कोंबात एक टक्का बोर्डो मिश्रण ओतावे. एक लिटर मिश्रणासाठी 10 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 10 ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरमध्ये वेगवेगळा विरघळवावा आणि मग दोन्ही एकत्र करावे. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्यावीत, लोखंडाची नव्हे. तयार मिश्रणात घासलेली लोखंडी सुरी मिनिटभर बुडवावी. पात्यावर तांबूस लेप चढला तर मोरचूद मोकळे राहिले आहे असे समजून थोडी चुन्याची निवळी वाढवावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे. पोफळीवरच्या कोळेरोगासाठी बागायतदार हेच मिश्रण फवारतात, त्यामुळे आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रात मोरचूद सहज मिळते.

आता मातीविषयी. आपली लाल माती शेतात उत्तम असली तरी कुंडीत दाबून भरली की विटेसारखी बसते आणि पाणी धरून ठेवते. दोन भाग माती, एक भाग जाड वाळू आणि एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत असे मिश्रण करावे आणि छिद्रावर खापरीचा तुकडा उपडा ठेवावा. आपले खानापूर कुंभारकामासाठी नावाजलेले आहे. तेव्हा प्लास्टिकऐवजी भाजलेल्या मातीची कुंडी घ्यावी. तिच्या अंगातून ओल बाहेर पडते आणि मुळांना हवा मिळते.

प्रश्न : घरात दम्याचा त्रास असलेला लहान मुलगा आहे. अरेका पाम खोलीतली हवा शुद्ध करतो असे सांगून एकाने चार कुंड्या घ्यायला सांगितल्या. घ्याव्यात का?
— एक आई, अनगोळ, बेळगाव

उत्तर : ताई, त्या भरवशावर घेऊ नयेत. हा समज अमेरिकेतील नासा संस्थेच्या 1989 सालच्या प्रयोगांवरून पसरला. ते प्रयोग हवाबंद लहान पेट्यांमध्ये केले होते. आपली घरे तशी नसतात. अशा अनेक प्रयोगांची फेरतपासणी 2019 मध्ये प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्यांतून जी हवा सहज बदलते, तिच्या बरोबरीची शुद्धी साधायला दर चौरस मीटरला 10 ते 1000 झाडे लागतील, असा तिचा निष्कर्ष होता. मुलासाठी खिडकी उघडी राहू द्यावी, डॉक्टरांचे औषध चुकवू नये, आणि कुंडी ठेवलीच तर एकच, खोलीबाहेर ठेवावी. सतत ओल्या राहणाऱ्या मातीवर बुरशी धरते आणि ती दम्याला वाईट.

प्रश्न : फाटकाजवळचा रॉयल पाम विजेच्या तारांना टेकू लागला आहे. शेंडा छाटून त्याला खालून फुटवे आणता येतील का?
— निवृत्त कर्मचारी, टिळकवाडी, बेळगाव

उत्तर : नाही. आंबा छाटला की बगलेतून फुटतो, कारण त्याच्या फांदीफांदीला डोळे असतात. रॉयल पामला वाढीचा कोंब एकच, आणि तो कापला की नारळाप्रमाणेच झाड मरते. अरेकासारख्या बेटाने वाढणाऱ्या पामचा एखादा उंच दांडा बुडातून काढला तर बाकीचे दांडे वाढत राहतात, पण आपले झाड एकदांडी आहे. तारांजवळ आपण स्वतः शिडी लावू नये. वीज कंपनीला लेखी कळवून आधी पुरवठा बंद करून घ्यावा आणि झाड जाणत्या माणसाकडून पूर्ण काढावे.

प्रश्न : आमच्या कुत्र्याच्या पिल्लाने सागो पामची लाल बी चावली. काही होईल का?
— एक विद्यार्थिनी, निपाणी

उत्तर : हे पत्र पोहोचेपर्यंत आपण पिल्लाला डॉक्टरांकडे नेले असेल, अशी आशा करतो. सागो पाम हा पाम नव्हेच. तो सायकस या फार प्राचीन कुळातला आहे. त्याचे सगळे भाग कुत्र्यांना विषारी असतात आणि बी सर्वांत घातक. आधी उलट्या होतात, मग यकृत निकामी होऊ लागते. म्हणून पिल्लू खेळत असले तरी वाट पाहत बसू नये. झाड कुंपणाआड हलवावे आणि पडलेल्या बिया रोज वेचाव्यात.

प्रश्न : परसातल्या भेरली माडाला यंदा पहिल्यांदाच शेंड्याजवळ झुपकेदार फुलोरा आला आहे. शेजारी म्हणतात, आता झाड मरणार. वडिलांनी लावलेले झाड आहे.
— एक शेतकरी, जांबोटी

उत्तर : शेजारी म्हणतात ते खरे आहे, पण झाड लगेच मरणार नाही. भेरली माड आपल्या सह्याद्रीतलाच. तो अनेक वर्षे नुसता वाढतो आणि अंगात पिठूळ अन्न साठवतो. मग पहिला फुलोरा शेंड्याजवळ येतो, पुढचे एकेक करून खाली उतरत येतात, आणि सर्वांत खालचा फुलोरा आटोपला की खोड वाळते. यात काही वर्षे जातात. फुलोरा कापला म्हणून आयुष्य वाढत नाही, तेव्हा तो कापू नये.

या अवधीत वडिलांच्या झाडाची रोपे करून घ्यावीत. फळे पिकून लालसर झाली की हातमोजे घालून काढावीत, कारण गरातील सूक्ष्म सुयांसारख्या स्फटिकांनी हाताला भयंकर खाज सुटते. गर चोळून धुवावा आणि बी ताजे असतानाच सावलीत, ओलसर वाळू-मातीत बोटाच्या एका पेराइतके खोल पेरावे. उगवायला काही महिने लागतात, म्हणून पिशव्या लवकर उकरून पाहू नयेत. रोप लावताना घर आणि गोठा यांपासून पुरेसे अंतर सोडावे. जुने खोड वाळले की ते आतून पोकळ आणि कुजके होऊन वाऱ्याने मोडते. म्हणून शेवटचा फुलोरा संपताच ते उतरवून घ्यावे.