मुंबईजवळचा ग्रामीण भाग जुन्या टोपोशीटच्या (डोंगर, नद्या, वाटा, वस्ती दाखवणाऱ्या सविस्तर नकाशाच्या) आधाराने कसा फिरावा?

सुरुवातीला शहापूर तालुका घ्या, आसनगावपर्यंत लोकल जाते. १९५०च्या दशकातले १:२,५०,००० प्रमाणाचे अमेरिकन लष्करी नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत मिळतात. पण त्यात एक सेंटीमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे वाटा शोधायला ते अपुरे पडतात. त्यासाठी सर्वे ऑफ इंडियाची एक इंच म्हणजे एक मैल या प्रमाणाची जुनी शीट मिळाली तर सोनंच.

भातसा धरणाचा भाग आधी बघा. आज जिथे निळं पाणी दिसतं, तिथे धरणाआधीच्या नकाशात नदीचं पात्र आणि काठची वस्ती असते. आजच्या उपग्रहचित्राशेजारी ठेवून पाहिलंत की कुठली वाट पाण्यात गेली ते कळतं. घाटाकडच्या तुटक रेषा नीट बघा. त्या पायवाटा आणि बैलांच्या वाटा. समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, दाटल्या की कडा समजायचा, आणि जुन्या शीटवर उंची फुटांत असते, हे विसरू नका.

जुना नकाशा जीपीएसवर चढवला की जागा थोडी सरकते, कारण मोजणीचा पाया वेगळा होता. म्हणून देऊळ, नदीचा संगम अशा न हलणाऱ्या खुणांवर जुळवा. आणि वाट चालू आहे का, हे गावातल्या जाणत्या माणसाला विचारल्याशिवाय जंगलात शिरू नका, पावसाळ्यात तर मुळीच नाही.