पहिलीच्या फीसाठी आईच्या पाटल्या गहाण टाकाव्यात का?

वाचकाचं पत्र: "सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पगार हातात 23,000 येतो, बायकोचे शिवणकामाचे 6,000 धरा. आम्ही पद्मशाली, अशोक चौकाजवळ राहतो. मुलगी महापालिकेच्या मराठी शाळेत चौथीत आहे. मुलगा जूनमध्ये पहिलीत जाईल, त्याला खासगी इंग्रजी शाळेत घालायचंय. फी 46,000, बस 12,000, वह्या-पुस्तकं-गणवेश 6,000 आणि वर 20,000 डोनेशन. 1,80,000 ची एफडी आहे, आईच्या तीन तोळ्यांच्या पाटल्या आहेत. मुलीच्या सुकन्या खात्यात महिना 1,500 जातात, ते थांबवीन म्हणतो. उत्पन्न लाखाच्या वर असल्यामुळे आरटीईत, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या मोफत जागांत, बसत नाही. एक जण कमी उत्पन्नाचा दाखला काढून देतो म्हणतोय. पुण्याचा मेहुणा सांगतो, अमेरिकेत सरकार शाळेचे पैसे पालकांच्याच हातात देतं, आपल्याकडेही येईल. शाळेची माणसं आत्ताच भरा म्हणतात. भरू का थांबू?"

आधी त्या दाखल्याचं. तो काढू नका. खोटा दाखला सापडला की प्रवेश रद्द होतो, वर गुन्हा दाखल व्हायची पाळी येते. आणि गंमत म्हणजे तुम्हाला त्याची गरजच नाही. एक लाखाची अट आहे ती आर्थिक दुर्बल घटकासाठी. अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त, ओबीसी आणि विशेष मागास प्रवर्ग हे 'वंचित घटकात' येतात आणि तिथे उत्पन्नाची मर्यादा नाही. पद्मशाली समाज महाराष्ट्रात विशेष मागास प्रवर्गात आहे. तुम्हाला उत्पन्नाचा नाही, जातीचा दाखला लागेल. वडिलांच्या जुन्या कागदांत तो सापडला तर उत्तम, नाहीतर प्रांत कार्यालयाच्या रांगेत आजपासूनच उभे राहा. एजंटला द्यायचे पैसे वाचले, ते झेरॉक्सला ठेवा.

पण ही सोय सगळ्या शाळांत नसते. 25 टक्के राखीव जागा फक्त विनाअनुदानित शाळांत, आणि तिथेही अल्पसंख्याक दर्जा असलेल्या शाळा 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने यातून बाहेर आहेत. आपल्या सोलापुरात तेलुगू, कन्नड, उर्दू असे भाषिक अल्पसंख्याक गट असल्यामुळे हा प्रश्न पुस्तकी नाही. तुम्ही पाहिलेल्या शाळेला तो दर्जा आहे का, हे ऑफिसात सरळ विचारा. दुसरं म्हणजे हा प्रवेश शाळेच्या सुरुवातीच्या वर्गालाच मिळतो. आज पैसे भरून मुलगा पहिलीत बसवलात तर पुढच्या वर्षी दुसरीसाठी हे दार उघडत नाही. म्हणून आरटीईच्या जागांची सोडत लागेपर्यंत एक रुपयाही भरू नका. "सीट जाईल" हे प्रत्येक काउंटरवर ऐकायला मिळतं.

मेहुण्याचं म्हणणं अर्धं खरं आहे. पैसा शाळेला न देता पालकाला द्यावा आणि पालकाने शाळा निवडावी, ही 'व्हाउचर'ची कल्पना अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी 1955 मध्ये मांडली. चिलीत 1981 पासून आणि अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात 1990 पासून ती चालू झाली. चिलीत शाळांना वरची फी घ्यायची मुभा मिळाली, तशी बरी ऐपत असलेली मुलं एकीकडे आणि बाकीची दुसरीकडे गेली. शेवटी 2015 मध्ये कायदा करून ती फी हळूहळू बंद करावी लागली. आपल्याकडे असं व्हाउचर हातात मिळत नाही, पण आरटीईच्या 25 टक्के जागा ही त्याचीच एक धाकटी बहीण आहे. फी सरकार भरतं, फक्त थेट शाळेला. राज्याचा ठरलेला दर वर्षाला मुलामागे 17,670 होता, तुमच्या शाळेची फी 46,000. मधला खड्डा शाळेच्या अंगावर पडतो, म्हणून संस्थाचालक या मुलांच्या नावाने कपाळाला आठ्या घालतात. फेब्रुवारी 2024 मध्ये सरकारने नियमच बदलला: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला सूट. अशोक चौकापासून एक किलोमीटर चाला, किती महापालिका शाळा लागतात ते मोजा. म्हणजे तुमच्या पूर्व भागात ही योजना जवळजवळ संपलीच असती. जुलै 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. तेव्हा मेहुण्याच्या 'येईल'ची वाट पाहू नका. जे आलेलं आहे त्याचा फॉर्म वेळेवर भरा.

आता पैशाचं. तुम्ही पहिल्या वर्षाचा हिशोब केलात, मी दहावीपर्यंतचा केला. डोनेशन सोडून 64,000, दरवर्षी 10 टक्के वाढ धरली तर दहा वर्षांचे 10,20,000 होतात. आज हा खर्च तुमच्या घरच्या 3,48,000 पैकी 18 टक्के आहे. टॉवेलच्या धंद्यात पगार वर्षाला 5 टक्क्यांनी वाढला (वाढला तर!), तरी दहावीच्या वर्षी शाळा 28 टक्के खाईल, महिन्याला साडेबारा हजार. पाटल्या काही वर्षांत संपतील, मग पुढची फी कशावर भरणार? सोनं गहाण टाकून कोणी माग घेतला, दुकान घातलं तर मी हरकत घेत नाही, त्यातून मिळकत होते. चालू खर्चासाठी तारण ठेवलेलं सोनं बहुतेक वेळा घरी परत येत नाही. नवी पेठेतल्या माझ्या टेबलासमोर अशा पावत्या घेऊन माणसं बसलेली मी पाहतो. एफडीलाही हात लावू नका. सुताचा भाव चढला किंवा एक्स्पोर्टची ऑर्डर थांबली की कारखाना पंधरा-पंधरा दिवस अर्ध्या पाळीवर चालतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. घरखर्च 22,000 धरला तर सहा महिन्यांचे 1,32,000 होतात. एफडी त्यासाठी आहे.

डोनेशनचे 20,000 तर देऊच नका. कॅपिटेशन फी घेणं महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने गुन्हा आहे, म्हणूनच त्याची पावती मिळत नाही. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी मला तीन पावत्या दाखवल्या: शैक्षणिक शुल्क, सत्र शुल्क आणि 'उपक्रम निधी'. चौथी रक्कम कागदाच्या चिटोऱ्यावर पेन्सिलीने लिहिली होती. कोणी शाळेच्या फीवरची कर वजावट दाखवून भुलवत असेल तर तेही सोडा. ती जुन्या करपद्धतीतच मिळते, आणि नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंत कर नाही. तुमच्या पगारावर वाचवायला करच नाही.

एवढं करून मिळतं काय? आंध्रात 2008 पासून 180 गावांत प्रयोग झाला. सोडतीत नाव लागलेल्या सरकारी शाळांतल्या मुलांना खासगी शाळेची फी मिळाली. चार वर्षांनी तपासलं तर तेलुगू, गणित, इंग्रजी यांत सोडत लागलेली आणि न लागलेली मुलं सारखीच निघाली. हिंदीत खासगीतली पुढे गेली. खासगी शाळांचा मुलामागचा खर्च मात्र सरकारीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी होता. व्हाउचरवाले म्हणतात, बघा, कमी पैशात तेवढंच शिकवलं. विरोधक म्हणतात, बघा, जास्त काहीच शिकवलं नाही. दोघांचंही खरं आहे. तुमच्या कामाचं एवढंच, की पाटीवर 'इंग्लिश मीडियम' लिहिल्याने इंग्रजी येत नाही. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा गेटची कमान पाहू नका. तिसरीतल्या एखाद्या पोराला न शिकवलेला परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा, वहीत बाईंच्या लाल शेऱ्यांऐवजी मुलाची स्वतःची वाक्यं किती आहेत ते बघा, आणि दोन वर्षांत किती शिक्षक बदलले ते विचारा. आपल्याच जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. प्रत्येक सरकारी शाळेत डिसले नसतात, हे कबूल. प्रत्येक खासगी शाळेतही नसतात.

माझं मत असं: आरटीईची सोडत लागली तर मुलाला खुशाल खासगीत घाला, पण ती मोफत सोय आठवीपर्यंतच आहे हे लक्षात ठेवा. आजची 46,000 ची फी नववीला 98,000 च्या पुढे गेली असेल. पहिल्याच महिन्यापासून 1,500 ची आरडी त्यासाठी बाजूला काढा. सोडत लागली नाही तर अनुदानित शाळेतली सेमी इंग्रजी तुकडी शोधा. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून, आणि फी नावापुरती. वाचलेल्या पैशांतून महिना हजार-बाराशे इंग्रजी बोलायच्या शिकवणीला गेले तरी चालेल.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. तुमच्या पत्रात मुलगी दोनदाच आली आहे: एकदा ती कुठे शिकते ते सांगताना, आणि एकदा तिचे 1,500 कापताना. मुलासाठी वर्षाला 64,000 आणि तिचे 18,000 तेही बंद. सुकन्या खातं चालू ठेवा. अगदीच हात आखडला तर रक्कम कमी करा, पण वर्षाला किमान 250 भरले नाहीत तर खातं बंद पडतं, मग दंड भरून चालू करावं लागतं. आणि ती येत्या जूनमध्ये पाचवीत जातेय. मुलासाठी शाळा बघायला निघाल तेव्हा तिच्यासाठीही सेमीची तुकडी कुठे आहे ते विचारून या. शिकवणी लावलीत तर दोघांची लावा.

फॉर्म भरताना दहा शाळांपर्यंत नावं देता येतात. घराचं ठिकाण नकाशावर नीट दाखवा, कारण एक किलोमीटरच्या आतल्या मुलांना आधी संधी मिळते. सायबर कॅफेवाला घाईत चौकाचं ठिकाण टाकून मोकळा होतो. शेजारी बसून स्वतः बघा, ते तुमच्याच गल्लीत पडलंय ना.