सारंगखेड्याहून मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला जाणाऱ्या पोराला

भाऊ, दत्तजयंतीच्या यात्रेत मारवाडी, काठियावाडी घोडे बघत वाढलास, ती नजर कामाला येईल. पण सारंगखेड्यात लोक चाल आणि रुबाब बघतात. महालक्ष्मीवर इंडियन डर्बीच्या शर्यतीला थरोब्रेडचा, म्हणजे शर्यतीच्या जातीच्या घोड्याचा, २४०० मीटरचा दम लागतो. पेसी श्रॉफ आधी जॉकी होते, मग ट्रेनर. तूही आधी पुण्याच्या एखाद्या तबेल्यात मोतद्दारी कर, म्हणजे घोड्यांची निगा राख.

पहाटे रपेटीआधी पुढच्या पायांच्या नळीमागून तळहात हळूहळू खाली ने. एक पाय दुसऱ्यापेक्षा जरा जरी गरम लागला, तर घोडा पळवू नकोस, मालक कितीही घाई करो. मी एकदा मालकाचं ऐकलं. नळीमागची नस, म्हणजे कंडरा, सुजली, घोडा वर्षभर उभा राहिला. अजून जिवाला लागतं. आणि तोबऱ्यात दाणा उरलाय का, ते स्वतः बघ.